बेचाळिसावा फुगा

१

आमच्या घरात वादळवीर आधी मुका होता.

बाकीच्या मुलांना तो महिन्याच्या पहिल्या तारखेला दुकानात मिळायचा, रंगीत, छापलेला, तोंडात वाक्यं घातलेला. मला आणि दादाला तो महिनाभर आधी मिळायचा, बाबांच्या टेबलावर. कॉमिकची पानं बाहेरून यायची तेव्हा चित्रं पूर्ण असायची, पण बोलण्याचे फुगे कोरे. सोबत एक टाइप केलेली यादी असायची. पान पहिलं, फुगा पहिला, वादळवीर: "थांब, घड्याळजी!" असं. ती वाक्यं सुरेख अक्षरात त्या कोऱ्या फुग्यांत बसवायची हा बाबांचा धंदा. शाळेत वडिलांचा व्यवसाय लिहायला सांगितला की दादा बिनदिक्कत 'फुगेवाले' लिहायचा, आणि मास्तर विचारायचे, "कुठल्या बागेपाशी उभे असतात रे?"

वाक्य लिहिण्याआधी बाबा ते मोठ्याने म्हणून बघत. "तोंडात मावलं तरच फुग्यात मावतं," असं त्यांचं म्हणणं. आणि ज्याचं वाक्य त्याच्याच आवाजात म्हणत. वादळवीर छातीतून बोलायचा. घड्याळजी हा शहरातली सगळी घड्याळं बंद पाडून तेवढ्या वेळात बँका लुटणारा खलनायक, तो नाकातून. वादळवीराची घरमालकीण कवळी सांभाळत बोलायची. आपल्या भाडेकरूला उडता येतं याचा त्या बाईला शेवटपर्यंत पत्ता लागला नाही. मी आणि दादा टेबलाखाली बसून ऐकायचो. आई म्हणायची, "घरात माणसं चार आणि आवाज चौदा!"

बाबा बाहेर गेले की आम्ही कोऱ्या फुग्यांत मनानेच वाक्यं घालायचो. दादाने एकदा वर्गात छातीठोकपणे सांगितलं की पुढच्या अंकात घड्याळजी वादळवीराची हात जोडून माफी मागतो. अंक आला तेव्हा कळलं की तो हात चोळत होता. दादाला त्या दिवशी मधल्या सुट्टीत बराच मार पडला.

आता पन्नाशी उलटल्यावर ते अंक चाळले की हसू येतं. वादळवीर नेहमी चार इमारती कोसळल्यावर पोचतो. डोळ्यांवर एवढीशी पट्टी बांधली की रोज दाराशी भेटणाऱ्या घरमालकिणीला तो ओळखू येत नाही. मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. त्या बाईला मी पहिल्याच दिवशी जाड भिंगं दिली असती. पण एक सांगते, आजही वादळवीराचं वाक्य वाचलं की ते मला बाबांच्याच आवाजात ऐकू येतं.

२

गेल्या वर्षी एक संपादकबाई घरी आल्या. वय तिशीच्या आत, उत्साह शंभराच्या पुढे. जुन्या वादळवीराचे सगळे अंक एका जाड पुस्तकात काढायचे होते, बाबांच्या मूळ अक्षरासकट.

"फक्त एकोणिसावा अंक मिळत नाही हो," त्या म्हणाल्या. "अठरा आहे, वीस आहे. एकोणीस निघालाच नाही म्हणतात."

"निघाला नाही, कारण मी भरला नाही," बाबा म्हणाले. "पानं आहेत. माळ्यावरच्या ट्रंकेत असतील."

"का नाही भरला?"

"मोजणीत घोळ होता. यादी आणि पानं जुळेनात. तेव्हा मी फार काटेकोर होतो. आता म्हातारा झालोय, मला काहीही चालतं."

बाईंनी हसून टाळी दिली. बाबांनी तो अंक आता भरायचा, आणि पुस्तक आलं की वाचनालयाच्या हॉलमध्ये मुलांना सगळ्या आवाजांत वाचून दाखवायचा, असं ठरलं. ब्याऐंशी वर्षांचे बाबा त्या रात्री जेवताना घड्याळजीच्या आवाजात मीठ मागत होते.

अडचण एकच. बाबांच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकला होता, डाव्यातला पिकत आला होता, आणि ऑपरेशन हे काम झाल्यावरच करायचं असा त्यांचा हट्ट होता. हात मात्र पक्का. स्टँडवरच्या मोठ्या भिंगाखाली ते झोकात अक्षर काढत, फक्त कुठला फुगा कुठे आणि त्याचं शेपूट कोणाकडे, हे कोणीतरी सांगायला हवं. फुग्याचं शेपूट म्हणजे ते टोक. ते ज्याच्या तोंडाकडे, वाक्य त्याचं.

माझं दुकान दुपारी एक ते चार बंद असतं. तेवढा वेळ मी बाबांच्या उजव्या हाताला स्टूल टाकून बसायला लागले. खिडकीतून ऊन यायचं, बाबांच्या गप्पा अखंड चालायच्या, आणि मधूनमधून त्या गप्पांत आई यायची. आई जाऊन नऊ वर्षं झाली. बाबा तिच्या गोष्टी सांगताना तिची वाक्यं तिच्याच आवाजात म्हणतात, ती थोडी वैतागलेली, शेवटाला हसणारी तऱ्हा हुबेहूब. आईच्या आवाजाची एकही टेप आमच्याकडे नाही. आहे तेवढी बाबांच्या गळ्यात.

३

आठ पानांचा अंक. यादीत फुगे एक्केचाळीस. पहिल्या दिवशी मी शिरस्त्याप्रमाणे पेन्सिलीने प्रत्येक फुग्याशेजारी बारीक टिंब करत मोजणी केली. बेचाळीस आले.

पुन्हा मोजले. बेचाळीस.

जास्तीचा फुगा दुसऱ्या पानावर होता. घरमालकिणीची खोली, ती एकटी खुर्चीत विणत बसलेली, आणि तिच्या डोक्यावर भिंतीपाशी एक छोटा कोरा फुगा. शेपूट तिच्याकडे नव्हतं. ते खाली वळून चित्राच्या चौकटीबाहेर, पानाच्या मोकळ्या कडेकडे गेलेलं.

"बाबा, हा कोणाचा?"

बाबांनी भिंग सरकवलं, डोळा लावला. "कुठे काय आहे? भिंत आहे."

मोतीबिंदूच्या डोळ्याला पांढऱ्यावरचं पांढरं दिसत नाही, हे मी तेव्हा दिवसातून चार गिऱ्हाइकांना सांगायचे. मी मनात म्हटलं, चित्रकाराने एखादा फुगा जास्त काढला असेल, त्याचं वाक्य नंतर कापलं असेल. मी त्याच्याशेजारी टिंबाऐवजी लहानशी फुली केली आणि आम्ही कामाला लागलो. त्या दिवशी दोन पानं झाली. बाबा खूश होते.

"जरा खिडकी लाव गं," उठताना ते म्हणाले, "ऊन डोळ्यावर येतंय."

मी खिडकी लावली.

४

दुसऱ्या दिवशी दुपारी दुसऱ्या पानावर फुली होती आणि फुगा नव्हता. घरमालकीण विणत होती, डोक्यावर स्वच्छ भिंत, आणि त्या भिंतीवर माझी पेन्सिलीची फुली, कशालाच न लागलेली.

मी सगळी पानं मोजली. बेचाळीस. आता जास्तीचा फुगा तिसऱ्या पानावर होता, गच्चीच्या चित्रात, आणि कालच्यापेक्षा जरा मोठा.

आता माझं सांगते. मी दुसऱ्यांचे डोळे तपासून पोट भरते. जे दिसतं ते दिसतं, जे नाही ते नंबर वाढलाय, इतकं सोपं माझं तत्त्वज्ञान. म्हणून मी आधी स्वतःचा नंबर तपासला. तो होता तोच निघाला. मग ठरवलं की फुली मीच चुकून दुसऱ्या पानावर केली असणार. माणूस स्वतःला पटवायला बसला की फार पटकन पटतं.

"बाबा, ऊन येतंय का डोळ्यावर?" मी काम संपताना विचारलं, कारण ते हाताने डोळे झाकत होते.

त्यांनी मान हलवली, तोंड उघडलं, मिटलं, आणि खिडकीकडे बोट दाखवलं.

"बोलायचा कंटाळा आला की काय?"

"छे गं," ते हसले. "शब्दच सुचेना. म्हातारपण!"

मी खिडकी लावायला गेले आणि परत येताना पानाकडे बघितलं. तिसऱ्या पानावरच्या त्या फुग्यात आता अक्षरं होती. बाबांचं अक्षर, तोच तिरपा 'र', तीच लांब वेलांटी. 'जरा खिडकी लाव गं, ऊन डोळ्यावर येतंय.'

"हे तुम्ही लिहिलंत?"

"काय?" बाबा पेन पुसत होते. "आज पाचच फुगे भरले. मोज पाहिजे तर."

५

रविवारी दादाचा फोन आला. तो लांब राहतो, दोन विमानं बदलून यावं लागतं इतका लांब. मी फोन घेऊन स्वयंपाकघरात गेले.

"दादा, एकोणिसावा अंक आठवतो तुला?"

"न आठवायला काय झालं? माझा आवाज गेला होता तेव्हा. अकरा दिवस."

मला ते साफ आठवत नव्हतं. मग आठवलं. दादा आठ वर्षांचा, गळ्याभोवती गरम फडकं, आणि आई म्हणतेय, "कधी नव्हे ते घर शांत आहे, देवा, थोडं आणखी राहू दे!"

"त्याचा अंकाशी काय संबंध?"

"अगं, मी बाबांच्या खुर्चीत बसून एका कोऱ्या फुग्यात पेन्सिलीने लिहिलं होतं. 'मी या गल्लीचा राजा आहे.' दुसऱ्या दिवशी घसा बसला. बाबांना अकराव्या दिवशी ते सापडलं, त्यांनी खोडलं, मला दोन धपाटे घातले, आणि त्याच संध्याकाळी मी बोलायला लागलो. मारामुळे घसा सुटला असं आई सगळ्यांना सांगायची." तो मोठ्याने हसला. दादाचं हसू अजून गल्लीच्या राजासारखंच आहे. "का गं?"

"सहज," मी म्हणाले.

६

पुढचे आठ दिवस मी रोज तो फुगा शोधायचे. चौथ्या पानावर आगगाडीच्या डब्यात. पाचव्यावर बँकेच्या तिजोरीशी. फुगा वाढत होता आणि त्यातल्या ओळी वाढत होत्या, सगळ्या बाबांच्या अक्षरात, सगळ्या त्यांनी आदल्या दिवशी घरात म्हटलेल्या. 'चहात साखर घातलीस की नुसता मान दिलास?' 'या पेनची निब सासुरवाशिणीसारखी कुरकुरते.' आणि जी ओळ तिथे गेली ती बाबांना परत म्हणता येत नव्हती. चहा पुढे ठेवला की ते कपाकडे बघून चिमूट दाखवायचे.

मी पांढऱ्या रंगाने ओळी झाकल्या. सकाळी रंग वाळून पापुद्र्यासारखा टेबलावर पडलेला होता आणि ओळी जशाच्या तशा. त्या सकाळी बाबांचा आवाज आणखी एक पायरी खाली गेला. मी ब्रश धुऊन ठेवला.

काम थांबवायचं म्हटलं तर बाबा ऐकेनात. "तीन पानं उरली आहेत," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले. "आयुष्यात एकच अंक अर्धवट सोडला होता. मुलं वाट बघतायत." ती मुलं आता नातवंडंवाली झाली होती, पण ते असो.

घशाच्या डॉक्टरांनी बाबांच्या घशात आरसा घालून बघितलं. "स्वरयंत्र उत्तम आहे. वयाप्रमाणे आवाज बसतो कधी कधी."

"बसला, कबूल," बाबा कुजबुजले. "पण कुठे जाऊन बसला?"

डॉक्टर खो खो हसले. मीही हसले. घरी येताना रिक्षात मात्र मला रडू आलं, कारण बाबांनी मला काहीतरी सांगायला सुरुवात केली होती. आई एकदा दूध गॅसवर ठेवून शेजारी गेली होती, ती गोष्ट. शंभरदा ऐकलेली. आईचं वाक्य आलं आणि बाबा थांबले. ओठ हलले. हवा आली. आई आली नाही. पाकीट हरवलेला माणूस खिसे चाचपताना बघतो, तशा नजरेने बाबांनी माझ्याकडे बघितलं.

घरी आल्यावर मी चप्पलही न काढता टेबलाशी गेले. सातवं पान. फुग्यात सगळ्यात खाली नवीन ओळ: 'अहो, दूध उतू गेलं तर मला नका सांगू, दुधाला सांगा!' अक्षर बाबांचं. पण ते मी आईच्या आवाजात वाचलं.

७

आठवं पान. शेवटचं. त्यावर यादीतले तीनच फुगे होते, आणि बाबांनी ते सकाळीच, माझ्याशिवाय, अंदाजाने भरून टाकले होते. अगदी नेमके. दुपारी मी आले तेव्हा ते आंघोळीला गेले होते. जाताना त्यांनी पाटीवर खडूने लिहून ठेवलं होतं: 'झाला अंक. उद्या बाई न्यायला येतील. आता गरम पाण्याने घसा शेकतो.' दोन दिवस ते पाटीवरच बोलत होते.

पानावर वादळवीर शहरावरून उडत चालला होता. खाली गर्दी, सगळी तोंडं वर. आणि आकाशाचा अर्धा भाग व्यापून तो फुगा. वरच्या निम्म्यात बाबांच्या ओळी दाटीवाटीने, खालचा निम्मा कोरा. शेपूट सरळ खाली आलं होतं, गर्दीच्या मधून, चौकटीबाहेर, पानाच्या खालच्या कडेपर्यंत. कडेच्या पुढे टेबल. टेबलाच्या पुढे बाबांची खुर्ची.

मी पान फिरवून बघितलं. उभं, आडवं. सरळ ठेवलं की शेपूट खुर्चीकडे. आणि फिरवून खिडकीकडे ठेवलं, नजर वळवली, पुन्हा बघितलं, तरी खुर्चीकडेच.

बाथरूममधून पाण्याचा आवाज येत होता. एरवी बाबा आंघोळीला गेले की गाणं, शिट्टी, घड्याळजी, सगळं एकदम चालतं. आता नुसतं पाणी. तांब्या, पाणी. तांब्या, पाणी. आयुष्यात कधी मला एखाद्या आवाजाचा इतका राग आला नाही.

दादाने खुर्चीत बसून लिहिलं होतं. म्हणजे फुग्याला खुर्चीतला माणूस लागत होता. कोणता, याचं त्याला फारसं वावडं दिसत नव्हतं. मी असा विचार केला, आणि तो विचार करताना मला स्वतःचं हसू आलं, हेही खरं. पन्नाशीची चष्मेवाली, भरदुपारी, कॉमिकशी सौदा करायला निघालेली.

मी बाबांच्या खुर्चीत बसले. खुर्ची अजून कोमट होती. पेन उचललं, शाईत बुडवलं. आणि शिस्त म्हणजे शिस्त, वाक्य लिहिण्याआधी ते मोठ्याने म्हणून बघितलं.

"बाबांना राहू द्या. मी बोलते."

मावत होतं. मी लिहिलं.

निबेची कुरकुर थांबली तेव्हा खोलीत फार शांत झालं. मग मी वाकलेली होते तिथेच, माझ्या श्वासाइतक्या जवळ, कागदातून कोणीतरी आत श्वास ओढावा तसा आवाज आला. एकदाच. वरच्या ओळी फिकट होत गेल्या, आईची सगळ्यात शेवटी. माझी तेवढी काळीभोर राहिली.

बाथरूममधून वादळवीर गरजला, "थांब, घड्याळजी!" आणि लगेच कवळी सांभाळत घरमालकीण म्हणाली, "अहो, कोण ओरडतंय तिथे? टॉवेल द्या!"

मी "आले बाबा" म्हणाले. म्हणजे तोंड तसं हललं.

८

घशाच्या डॉक्टरांनी माझ्याही घशात आरसा घातला. "स्वरयंत्र उत्तम आहे," ते म्हणाले, आणि मग जरा विचारात पडून, "घराण्यात आहे का हो हे?"

बाबांची काळजी खरी होती, पण त्यांना त्यांचा आवाज परत मिळाल्याचा आनंद लपवता येत नव्हता. "साथ असेल," ते म्हणायचे. "मला झालं, माझं तुला लागलं. दादाला अकरा दिवस लागले होते, तू हट्टी आहेस, तुला पंधरा लागतील. तोवर या घरात मला प्रथमच सलग बोलायला मिळतंय." आणि सलग बोलायचे. आईसकट. दुधाची गोष्ट त्यांनी त्या आठवड्यात चार वेळा सांगितली आणि चारही वेळा आई वेळेवर आली. पाचव्यांदा सांगितली असती तरी मी तितक्याच आनंदाने ऐकली असती.

दुकानात तर तीन दिवस कोणाच्या लक्षातही आलं नाही. डोळे तपासताना बोलतं ते गिऱ्हाईक, मी नुसतं बोट दाखवते. एक आजोबा जाताना म्हणाले, "यावेळी अगदी शांतपणे तपासलंत, बरं वाटलं."

संपादकबाई पानं न्यायला येण्याआधी मी माझी ओळ झाकायला दोनदा ब्रश उचलला होता. भ्याले होते, हे कशाला लपवू? दोन्ही वेळा ब्रश कागदाजवळ नेला आणि आतल्या खोलीत बाबा खोकले. कोरडा, रिकामा खोकला. मी ब्रश खाली ठेवला की खोकला थांबायचा. तिसऱ्यांदा मी उचलला नाही.

बाबांना खरं सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ते पुन्हा त्या खुर्चीत जाऊन बसले असते. त्यांना मी ओळखते.

"शेवटच्या पानावर यादीपेक्षा एक फुगा जास्त आहे," बाई पानं तपासताना म्हणाल्या. "'बाबांना राहू द्या. मी बोलते.' गर्दीतली कोणी मुलगी असेल, नाही? किती गोड. ठेवते मी." छपाईआधी त्यांनी नमुन्याचं पान पाठवलं, त्यातही तेच वाक्य होतं. मी नीट बघितलं होतं.

पंधरा दिवस झाले. महिना झाला. बाबांचे दोन्ही डोळे झाले, चष्मा मीच बनवला. रोज सकाळी त्यांच्यापुढे चहा ठेवताना मी तोंड उघडून 'बाबा, मी बोलतेय. येतंय का ऐकू?' एवढंच म्हणायचे, सवय सुटू नये म्हणून. ते कपातून वर बघत, माझ्या ओठांकडे बघून हसत, आणि प्रेमाने म्हणत, "येईल गं. येईल."

९

कार्यक्रम सकाळी अकराला होता. वाचनालयाचा हॉल, सतरंजीवर साठ-सत्तर मुलं, मागे खुर्च्यांवर त्यांचे आजीआजोबा. त्यातल्या कित्येकांनी लहानपणी एकोणिसाव्या अंकाची वाट बघितली होती आणि ते मुलांपेक्षा जास्त चुळबुळत होते. पुस्तकं त्याच सकाळी छापखान्यातून आली होती, बांधणीच्या डिंकाचा वास जात नव्हता. मी पहिल्या रांगेत बसले.

बाबा उभे राहिले. नवा चष्मा, इस्त्रीचा शर्ट. आणि वाचायला लागले.

काय वाचलं म्हणून सांगू! वादळवीराने हॉलच्या खिडक्या थरथरवल्या. घड्याळजी नाकातून बोलला तेव्हा पुढची दोन मुलं एकमेकांना चिकटली. घरमालकिणीची कवळी एकदा पडली, बाबांनी ती हवेतच झेलली, आणि मुलं लोळून हसली. मी इतकी खूश होते की मला बाकी काही आठवत नव्हतं. हा माणूस मुका झाला असता, आणि त्याच्याबरोबर माझी आईही. झाला नाही. मला दुसरं काय हवं होतं?

आठवं पान आलं. बाबांनी तीन फुगे वाचले. मग चष्मा नाकावर सरकवला आणि पानाच्या वरच्या भागाकडे, आकाशाकडे, बघितलं. या खेपेला तो फुगा त्यांना पहिल्यांदाच दिसत होता.

"अरेच्चा," ते मुलांना म्हणाले, "आणखी एक राहिला की! हा कोणाचा आवाज असेल बरं?"

त्यांनी डोळे बारीक केले. ओठ हलवून एकदा मनातल्या मनात म्हणून बघितलं. आणि मग वाचलं. त्यांच्या तोंडातून माझा आवाज आला. नक्कल नव्हे. दीड महिना मी जो शोधत होते तो, सकाळचा, जरा सर्दाळलेला, माझा. आणि वाक्य मी लिहिलं होतं ते नव्हतं.

"बाबा, मी बोलतेय. येतंय का ऐकू?"

सतरंजीवरची सगळी मुलं दोन्ही हात वर करून एका सुरात ओरडली, "होऽऽऽ!"

मी ओरडायला तोंड उघडून उठून उभी राहिले, पण माझा आवाज पुस्तकातच होता. टाळ्या सुरू झाल्या होत्या. बाबांनी हसत हसत पुस्तक मिटलं.